कॅम्पसवर अभ्यासाला बसायचं कुठे?

पाचवा_बाक | सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पदव्युत्तरचं पहिलं वर्ष, परीक्षेला पाच आठवडे. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी. रूममेट स्वभावानं चांगली आहे, पण रात्री साडेनऊला तिचे फोन सुरू होतात आणि माझा विचार करून ती अगदी हळू बोलते. तेच नको होतं. मोठ्यानं बोलली असती तर सवय तरी झाली असती. हळू बोललं की कान आपोआप तिकडे लागतात.

म्हणून आज ग्रंथालयात गेले. सकाळी दहाला पोचले तर एकूण एक टेबल भरलेलं. माणसांनी नव्हे, बॅगांनी. एका खुर्चीपुढे उघडी वही, वहीवर आडवं पेन, शेजारी पाण्याची बाटली. मी पलीकडच्या खांबाला टेकून अर्धा तास उभी. वहीचा मालक काही उगवला नाही. शेवटी जिन्यात जाऊन बसले. पाऊण तासात सहा पानं झाली, आणि सुरक्षारक्षकानं "इथे बसायचं नाही" म्हणून उठवलं.

तर प्रश्न साधा आहे. तुम्ही कॅम्पसवर अभ्यासाला कुठे बसता, किंवा बसायचात? प्रत्येकाचं कॅम्पस वेगळं, त्यामुळे ठिकाणाचं नाव नकोय. जागा हुडकायची कशी ते सांगा.

आळशी_कासव | सोमवार, रात्री ११:२०

पहिला!
जागा शोधण्यात पाच आठवडे आरामात निघतात. अनुभवाचे बोल.

तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११:४१

मुख्य ग्रंथालयात सगळेच जातात, कारण तेवढंच सगळ्यांना माहीत असतं. विभागांची छोटी ग्रंथालयं बघा. त्यातही आपल्या विभागाचं नको, परक्या विभागाचं.

मी भाषेचा विद्यार्थी, आणि दोन वर्षं भूशास्त्राच्या ग्रंथालयात काढली. ओळखीचं कुणी नाही, त्यामुळे "काय म्हणतोस" नाही. कपाटातली पुस्तकं अशी की चाळायचा मोह होत नाही. माझ्या टेबलासमोर काचेच्या कपाटात दगडांचे नमुने मांडलेले होते, प्रत्येकाखाली टाइप केलेली पिवळी पडलेली चिठ्ठी. समास सोडवताना अडलो की नजर जायची ती बेसाल्टवर. आजही बेसाल्ट दिसला की बहुव्रीही आठवतो.

आधी तिथल्या काउंटरवर एकदा विचारून घ्या. ओळखपत्र दाखवलं की नुसतं बसायला बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही. पुस्तक घरी न्यायचं म्हटलं की मग नियम निघतात.

मुख्य ग्रंथालयातच बसायचं असेल तर नियतकालिकांच्या जुन्या बांधीव खंडांकडे जा. संगणकावर सगळं मिळायला लागल्यापासून तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. कागदाच्या भिंतींमुळे आवाजही अडतो.

टेबलफॅन | मंगळवार, सकाळी ७:०५

+१, बांधीव खंडांना. फक्त धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर रुमाल न्या.

जुना_इश्यूकाउंटर | मंगळवार, सकाळी ९:३०

ग्रंथालयात चोवीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी इश्यू काउंटरवर. काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

ग्रंथालय भरत नाही हो, भरल्यासारखं दिसतं. चार खुर्च्यांच्या टेबलावर पहिला माणूस एका कोपऱ्यात बसतो, दुसरा तिरका समोर. तिसरा येतो, टेबलाकडे बघतो आणि पुढे निघून जातो. दर तासाला फिरून डोकी मोजायचं काम माझ्याकडे होतं. ज्या तासाला "आज जागाच नाही" अशी तक्रार यायची, त्या तासाच्या कागदावरही रिकाम्या खुर्च्यांचा आकडा शून्य नसायचा. तेव्हा संकोच सोडून "इथे कुणी आहे का?" एवढं विचारायला शिका. समोरचा मान हलवतो, कोपर आवरतो, झालं.

खुर्च्या भरण्याचा क्रमही ठरलेला. आधी प्लग पॉइंटच्या, मग खिडकीच्या, मग भिंतीला पाठ लागेल अशा. मधल्या आणि दाराजवळच्या शेवटी. ज्याला लॅपटॉप लागत नाही, किंवा जो तो पूर्ण चार्ज करून आणतो, त्याला निम्मं ग्रंथालय मोकळं.

आता वेळ. लेक्चरं सुटली की लाट येते, पुढची सुरू झाली की ओसरते. बाराच्या ठोक्याला येऊन मान हलवत परत जाणारे किती पाहिले. तीच माणसं सव्वाबाराला आली असती तर बसली असती. संध्याकाळी दिवे लागल्यावर अशीच एक ओहोटी असते; दिवसाची मंडळी गेलेली असतात, रात्रीची यायची असतात.

बॅगांचं म्हणाल तर बेवारस सामान उचलण्याचा नियम पुष्कळ ग्रंथालयांत असतो, पाटीही असते. तो कुणी येऊन सांगितल्याशिवाय अमलात येत नाही इतकंच. स्वतः बॅग हलवू नका, काउंटरवर सांगा. मी हलवलेल्या बॅगेवरून माझ्याशी कुणी भांडलं नाही. विद्यार्थ्यांनी परस्पर हलवलेल्या बॅगांची भांडणं मात्र दर आठवड्याला सोडवली. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं "वाचकाचा वेळ वाचवा" असं आहे. आम्ही ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. सगळ्यात जास्त बेवारस बॅगा त्याच भिंतीखाली असायच्या.

आणखी एक. संशोधक विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी कॅरल देतात, म्हणजे तीन बाजूंनी आड असलेलं एकट्याचं टेबल. त्यातली काही नुसती कुलपात पडून असतात. परीक्षेच्या काळात ती इतरांना तात्पुरती मिळतात का, हे विचारायला वर्षाकाठी दोन-तीन जणच यायचे.

आळशी_कासव | मंगळवार, सकाळी ९:५२

ती बाटली निळ्या झाकणाची होती का? एका मित्रासाठी विचारतोय.

पाचवा_बाक | मंगळवार, सकाळी १०:१५

@आळशी_कासव, मित्राला सांगा, वहीत दुसऱ्याच ओळीला शुद्धलेखनाची चूक आहे. अर्धा तास समोर उभी होते, सगळं वाचून झालं.

@जुना_इश्यूकाउंटर, काका, मनापासून आभार. सव्वाबाराचं आजच करून बघते.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १:२०

रिकाम्या वर्गखोल्यांबद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही?

गणितवाल्यांना टेबलापेक्षा फळा लागतो. सिद्धता वहीत लिहिली की वाटतं समजली. फळ्यावर उभं राहून, वही बंद करून लिहायला घेतली की तिसऱ्या ओळीला कळतं काय येत नाही ते. कॉरिडॉरच्या पार टोकाची खोली धरायची. जिन्याजवळच्या खोल्यांत दर दहा मिनिटांनी कुणीतरी डोकावतं.

दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. चार-पाच खोल्यांचे फोटो झाले की आठवड्याचा नकाशाच हाती येतो. विभागाच्या कार्यालयात विचारून बसलात तर आणखी चांगलं, रक्षक उठवायला आला तर सांगायला नाव असतं.

वेळापत्रकावर मात्र पूर्ण भिस्त नको. मी एकदा तल्लीन होऊन अख्खा फळा भरला, मागे वळलो तर तीस-पस्तीस जण गुपचूप वह्या काढून बसलेले. बदली लेक्चर होतं. प्राध्यापक दारातच उभे राहून फळा वाचत होते. म्हणाले, "पुसू नकोस, पाचव्या ओळीत अभिसरण गृहीत धरलंयस, ते आधी सिद्ध कर." त्या दिवशीइतकं फुकटचं मार्गदर्शन परत मिळालं नाही.

जाताना फळा पुसा, पंखे-दिवे बंद करा, बाकं हलवली असतील तर जागच्या जागी लावा. खोली कुलूपबंद व्हायला एक तक्रार पुरते.

गोंगाटप्रेमी | मंगळवार, दुपारी ३:४८

सगळे शांततेच्या मागे का? मला पिनड्रॉप शांततेत स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि मी वेडा होतो. दुपारची गर्दी ओसरली की कॅन्टीनच्या कोपऱ्यातलं टेबल धरायचं. आजूबाजूला माणसं असतात, कुणी आपल्याकडे बघत नाही.

शास्त्रीय आधारही आहे. २०१२ सालचा मेहता, झू आणि चीमा यांचा अभ्यास बघा. ७० डेसिबलच्या आसपासच्या आवाजात लोकांना ५० डेसिबलपेक्षा जास्त कल्पक उत्तरं सुचली. ८५ला मात्र घसरण झाली.

शब्दशः | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

अभ्यास बरोबर सांगितलात, निष्कर्ष अर्धा. तिथे मोजली ती कल्पकता. परीक्षेसाठी क्रमानं लक्षात ठेवायचं असतं, ते वेगळं काम.

कोल आणि वेल्श यांचा १९७६चा प्रयोग आहे. लोकांना अक्षरांची मालिका लक्षात ठेवायला दिली आणि मागे परक्या भाषेतलं वाचन लावलं. अर्थ कळत नसतानाही चुका वाढल्या. नंतर सालामे आणि बॅडली यांनी १९८२ मध्ये दाखवलं की नुसत्या सलग खरखरीनं तसं बिघडत नाही, बोलण्यानं बिघडतं. म्हणजे पंख्याची घरघर चालेल, शेजारच्या टेबलावरची कुजबुज नाही. पाचवा_बाक यांच्या रूममेटचं हळू बोलणं का छळतं याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

त्यामुळे माझा हिशोब असा: पाठांतर, सूत्रं, व्याख्या यांना जिथे माणसाचा आवाज नाही अशी जागा. प्रकल्पाची रूपरेषा, निबंधाचा आराखडा यांना कॅन्टीन खुशाल.

गोंगाटप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ६:४४

मान्य. पण मी हेडफोनवर गाणी लावतो, मग कुजबुज ऐकूच येत नाही.

शब्दशः | मंगळवार, संध्याकाळी ६:५१

शब्द असलेली गाणी म्हणजे कानातच बसलेली कुजबुज. तालवाद्य किंवा पावसाचा आवाज लावा.

गोंगाटप्रेमी | मंगळवार, संध्याकाळी ६:५३

तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आयडीच शब्दशः.

घोकंपट्टी_झिंदाबाद | मंगळवार, रात्री ८:१०

आणि आम्ही जायचं कुठे? मला मोठ्यानं म्हटल्याशिवाय काही आठवत नाही. कायद्याची कलमं मनातल्या मनात होतात का कुणाची? ग्रंथालयात ओठ हलले तरी समोरची मुलगी वर बघते.

माझी सापडलेली जागा: प्रेक्षागृहाच्या मागची बाजू, जिथे नाटकवाले सराव करतात. तिथे एकटं मोठ्यानं बोलत येरझाऱ्या घालणारा माणूस कुणालाच विचित्र वाटत नाही. एकदा एकानं येऊन विचारलं, "कुठल्या नाटकातलं?" मी म्हटलं, "भाडेकराराचं."

मैदानाच्या रिकाम्या पायऱ्याही चांगल्या, सकाळी सातच्या आत.

चाकांवरून | मंगळवार, रात्री ९:३५

धागा छान चाललाय, त्यात थोडी भर. वरचा मजला, टोकाची खोली, मैदानाच्या पायऱ्या. मी व्हीलचेअर वापरते, माझ्यासाठी या यादीतलं जवळपास काहीच नाही. विभागाची छोटी ग्रंथालयं बहुधा जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही, दोन रॅकमधली वाट एवढी अरुंद की वळता येत नाही.

मी काय केलं ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. ग्रंथपालांना लेखी अर्ज दिला की तळमजल्यावरचं एक टेबल राखीव ठेवा आणि त्याची एक खुर्ची काढून टाका. तीन आठवड्यांनी झालं. टेबलाची उंचीही महत्त्वाची. खालून पट्टी असेल तर गुडघे आत जात नाहीत, मग तिरकं बसून लिहावं लागतं आणि तासाभरात खांदा भरून येतो. हे त्यांना सांगितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कळल्यावर कुणी नाही म्हटलं नाही.

एक विनंती: ते टेबल रिकामं दिसलं तरी तिथे बॅग ठेवू नका.

जुना_इश्यूकाउंटर | मंगळवार, रात्री ९:५०

काढलेल्या खुर्चीची जागा दुपारपर्यंत कुणीतरी दुसरी खुर्ची ओढून भरतंच. टेबलावर पाटी चिकटवून घ्या, आणि खुर्चीची जागा जमिनीवर रंगाच्या पट्टीनं आखून घ्या. जमिनीवरची पट्टी लोक जास्त पाळतात, का ते ठाऊक नाही.

रात्रपाळी | बुधवार, मध्यरात्री १२:४०

मी पूर्णवेळ रात्रीचा प्राणी. चोवीस तास उघडी असलेली अभ्यासिका हा कॅम्पसवरचा सगळ्यात मोठा ठेवा, तुमच्याकडे असेल तर.

रात्री जागा मिळते, पण दोन अडचणी. काही इमारतींत हालचाल टिपणारे दिवे असतात. माणूस वाचत स्थिर बसला की यंत्राला वाटतं खोली रिकामी. दर थोड्या वेळानं अंधार, मग हात वर करून हलवायचा. एका हिवाळी सत्रात आम्ही पाच जण वेगवेगळ्या टेबलांवर होतो. कुणी बोलायचं नाही, पण आळीपाळीनं हात हलवायचा हे न ठरवता ठरलं. त्यातल्या तिघांची नावं अजून माहीत नाहीत.

दुसरी अडचण परत जाण्याची. जागा निवडताना आतलं टेबल बघतो, बाहेरचा रस्ता बघत नाही. दिवे कुठपर्यंत आहेत, हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं, सोबत कोण आहे, हे आधी बघा. ग्रंथालयापासून हॉस्टेल लांब असेल तर एखादी साधारण पण जवळची जागा बरी. मी एकदा फाटक बंद झाल्यावर पोचले आणि सकाळपर्यंत स्वागतकक्षातल्या बाकावर बसून राहिले. तेव्हा एक धडा वाचून झाला हे खरं, पण त्याची शिफारस करणार नाही.

पाचवा_बाक | बुधवार, सकाळी ८:२५

रात्रपाळी, फाटकाचं बरं सांगितलंत. आमचं साडेदहाला बंद होतं, म्हणजे रात्रीची अभ्यासिका बाद.

कालचा अहवाल: सव्वाबाराला गेले, "इथे कुणी आहे का" विचारलं, लगेच जागा मिळाली! पण दोन तासांनी डोकं जड, एकाच परिच्छेदावरून चार वेळा डोळे फिरले. जागा मिळूनही असं का?

वातविजन | बुधवार, सकाळी ११:००

ती खोली बंद आणि भरलेली होती का? बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या आसपास असतो. खिडक्या बंद करून भरपूर माणसं बसवली की तो हजाराच्या वर सहज जातो. साध्या एसीचं यंत्र तीच हवा थंड करून परत सोडतं, ताजी हवा आणत नाही. लोकांना वाटतं गार आहे म्हणजे हवा चांगली आहे.

उघडणाऱ्या खिडकीशेजारची जागा धरा. तेही नसेल तर तासाभरानं उठून बाहेर चक्कर मारा.

खिडकीचं आणखी एक. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट. लॅपटॉपवाल्यांनी खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला ठेवावी.

आणि झाडाखाली बसून अभ्यास करायचा बेत कुणी सांगितला तर ऐकू नका. उन्हात पुस्तकाचा पांढरा कागद डोळ्यांवर येतो, लॅपटॉपचा पडदा दिसत नाही, वाऱ्यानं पानं उलटतात. बाहेर बसून फक्त वाचलेलं आठवून बघायचं, पुस्तक न घेता.

पानगळ | बुधवार, दुपारी २:१५

वातविजन, झाडांचा अपमान सहन केला जाणार नाही. माझं सगळं तत्त्वज्ञान एका बाकावर झालंय. वर दाट सावली हवी आणि पुस्तक जाडजूड हवं, म्हणजे पानं उडत नाहीत.

तिसरा_मजला | बुधवार, दुपारी ४:०२

प्रश्न: एकच जागा धरून ठेवावी की बदलत राहावी? माझा अनुभव एकाच जागेचा. त्या टेबलावर बसलं की मन आपोआप लागायचं.

शब्दशः | बुधवार, रात्री ८:२०

दोन्ही बाजूंना प्रयोग आहेत. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांना शब्द पाठ करायला लावले, काहींना किनाऱ्यावर, काहींना पाण्याखाली. जिथे पाठ केले तिथेच जास्त आठवले. प्रयोग फार गाजला, पण २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. तेव्हा "परीक्षेच्या हॉलमध्येच बसून अभ्यास करा" या सल्ल्यावर फार विसंबू नका.

स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्यॉर्क यांचा १९७८चा प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. ४० शब्दांची यादी दोनदा वाचायची. काहींनी दोन्ही वेळा एकाच खोलीत, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत. मग तिसऱ्याच खोलीत परीक्षा. दोन खोल्यांत वाचणाऱ्यांना जवळपास दीडपट शब्द आठवले.

मी असं करतो: नवीन धडा नेहमीच्या टेबलावर, कारण तिथे बसायची सवय झालेली असते. त्याची उजळणी दुसरीकडे, पुस्तक बंद ठेवून. नेहमीच्या जागी उजळणी केली की सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो.

झुरळशास्त्री | बुधवार, रात्री १०:०५

उशिरा आलो. लोकांच्यात बसावं की एकट्यानं, याचं उत्तर झुरळांनी दिलंय. १९६९ साली झायॉन्स आणि सहकाऱ्यांनी झुरळं पळवली. सरळ वाटेवर, बघायला इतर झुरळं असली की ती वेगानं पळाली. वळणाची वाट दिली तर प्रेक्षकांसमोर जास्त वेळ लागला. माणसांबद्दलही त्यांचं म्हणणं तेच होतं: येत असलेलं काम चारचौघांत जोरात होतं, नवं शिकताना चारचौघं आड येतात.

आमच्या गटाचा अनुभव जुळतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला सगळे एका टेबलावर, कुणी उठत नाही म्हणून आपणही उठत नाही. नवा धडा मात्र ज्यानं त्यानं आपापल्या बिळात.

टेबलफॅन | बुधवार, रात्री १०:१२

आमच्या हॉस्टेलची झुरळं तर प्रेक्षकांशिवायही विक्रमी पळतात.

मोबाइलबंद | गुरुवार, सकाळी ७:४०

जागा कितीही चांगली शोधा, फोन समोर असेल तर व्यर्थ. २०१७ मध्ये वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता: फोन बंद असला तरी टेबलावर असलेल्यांची कामगिरी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांपेक्षा कमी. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक दिसला नाही, ते सोडा. मी माझ्यापुरतं सांगतो: ग्रंथालयाच्या बाहेर बॅगा ठेवायचे खण असतात, फोन त्यात टाकून किल्ली खिशात. उठून, जिना उतरून, कुलूप उघडून बघण्याइतकं महत्त्वाचं काही नसतं.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९:०१

आणि घरून फोन आला तर? सगळ्यांना ती चैन परवडत नाही. आवाज चालू, बाकी सगळं बंद, फोन बॅगेत तळाशी. एवढं पुरतं.

पाचवा_बाक | रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, चार दिवस तुमचे सल्ले घेऊन कॅम्पसभर हिंडले. आळशी_कासव म्हणतील त्यात चार दिवस गेले, पण वाचनही झालं.

परक्या विभागाचं ग्रंथालय सापडलं, वनस्पतिशास्त्राचं. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्र बघितलं, "आमच्याकडे एवढ्या लांबून?" म्हणाल्या आणि खिडकीजवळचं टेबल दाखवलं. डावीकडून उजेड, उघडणारी खिडकी, समोर वाळवलेल्या पानांचे कप्पे. सकाळी नऊ ते एक तिथे, नवा धडा. चार दिवसांत मोजून तीन माणसं आली, त्यातला एक पंखा दुरुस्त करणारा.

दुपारी आमच्याच इमारतीतली शेवटची वर्गखोली. मी फळ्यावर लिहीत नाही, पण दार लावून वहीशिवाय मोठ्यानं समजावून सांगते, समोर विद्यार्थी बसलेत असं धरून. बुधवारी दुपारी तिथे प्रॅक्टिकल असतं, त्या दिवशी ग्रंथालय. संध्याकाळी गटाबरोबर प्रश्नपत्रिका, दहाच्या आत परत.

रूममेटशीही बोलले. तिला कल्पनाच नव्हती. ती आता फोन घेऊन गच्चीच्या जिन्यात जाते. तिथून तिला अजून कुणी उठवलेलं नाही, हा अन्याय मी नोंदवून ठेवतेय.

एकच कुरकुर. वनस्पतिशास्त्रातलं ते टेबल डुगडुगतं. लिहायला लागलं की समोरचं पेन घरंगळतं. कागदाच्या चार घड्या करून पायाखाली घातल्यात, पण दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना त्या निघून जातात.

जुना_इश्यूकाउंटर | रविवार, रात्री ८:१०

पोरी, लोखंडी पायांचं टेबल आहे ना? मग पायाच्या टोकाला काळी गोल टोपी असेल. तिच्या आत स्क्रू असतो. जो पाय अधांतरी आहे तो किंचित उचल आणि टोपी हातानंच फिरव, ती खाली उतरते. दोन-तीन वेढ्यांत टेकेल.

कागद घालू नकोस. झाडणाऱ्याला वाटतं कुणी कचरा केला.

पाचवा_बाक | सोमवार, सकाळी ९:२०

अडीच वेढे. पेन जागेवर आहे.